साहेबांचा क्वार्टरबॅक

अक्षताला फक्त दोन वाजता घरी जायचं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी अमेरिकेतल्या दोन धटिंगण पोरांचं भवितव्य आपल्याला ठरवावं लागेल, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिने नोकरीच सोडली असती.

भानगड शाळेच्या बसची होती. श्रावस्ती नुकतीच पहिलीत गेली होती आणि तिची बस अडीच वाजता आखातातल्या रिफा गावी त्यांच्या बिल्डिंगखाली यायची. बसचा नियम असा, की खाली घरचं मोठं माणूस उभं असेल तरच मूल उतरवायचं. नसेल तर मूल बससकट परत शाळेत. धम्मदीप, म्हणजे अक्षताचा नवरा, सित्र्याच्या प्लांटमध्ये शिफ्टवर. त्याची दुपार कधी त्याची असे, कधी कंपनीची. सध्या बसपाशी उभे राहायचे ते गोपीनाथबाबा, अक्षताचे सासरे. पण बाबा अकोल्याहून व्हिजिट व्हिसावर आले होते आणि तो व्हिसा महिनाअखेर संपत होता. त्यानंतर श्रावस्तीला उतरवून घ्यायला बिल्डिंगखाली कोण, तर फक्त एक कडुनिंब.

अक्षता मआमीरजवळच्या एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होती. कोणत्या ड्रॉइंगची कोणती आवृत्ती ताजी आणि कोणती शिळी, हे सांभाळायचं काम. त्यातलं अर्धं घरून लॅपटॉपवर सहज होण्यासारखं होतं.

"मेल टाक ना साहेबांना," धम्मदीप म्हणाला. "दोनला निघते, बाकीचं घरून करते. संपलं."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले."

इथे बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात त्यांचा जन्म गेला होता, आणि कप खाली ठेवला की ते अजून तिथेच बसलेले असत.

"असं थेट मागते का कोणी साहेबाले? थेट मागितलं की साहेबाले नाही म्हणाची आठवण येते."

"मग कसं मागायचं, बाबा?"

"आधी साहेबाचा नाद पाहायचा. आमच्या एका साहेबायले होमिओपॅथीचा नाद होता. मी दोन वर्षं त्यायच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या खाल्ल्या. आजार काहीच नोता. पण बार्शीटाकळीहून अकोल्याले बदली झाली! दुसरे आले, ते गझला करत. मी दर शनिवारी वाहवा केली. धम्मदीपच्या अ‍ॅडमिशनची रजा त्या वाहवेतून निघाली." बाबांनी सुनेकडे पाहिलं. "तुह्या साहेबाचा नाद कोणता हाये?"

अक्षताने विचार केला. तिचे साहेब मिस्टर हॉलिस. उंच, वाकलेले, कमी बोलणारे अमेरिकन गृहस्थ. केबिनला काच होती पण आवाज बाहेर यायचाच, आणि ह्यूस्टनच्या मुख्य ऑफिसशी फोन चालू झाला की त्यातून एकच विषय ऐकू यायचा. कुठल्या कॉलेजचा कुठला क्वार्टरबॅक. तो कोणत्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या कोणत्या गटात, खेळतो. त्या कॉन्फरन्समधले आकडे खरे की फुगवलेले. तो पुढे व्यावसायिक संघात टिकेल की नाही.

"अमेरिकन फुटबॉल," ती म्हणाली.

"आपल्याले त्यातलं काय येते?"

"काहीच नाही."

"मले होमिओपॅथीतलं तरी काय येत होतं?" बाबा म्हणाले. "लाव यूट्यूब."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी, श्रावस्तीचा गृहपाठ आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यामध्ये, सासरा आणि सून अमेरिकन फुटबॉल शिकले. शिकले हा शब्द जरा मोठा झाला. खेळाचे नियम दोघांनाही शेवटपर्यंत कळले नाहीत. हेल्मेट घातलेले रेड्यांसारखे गडी एकमेकांवर आदळतात, ढीग होतो, शिट्टी वाजते, सगळे उठतात आणि बराच वेळ चर्चा करतात, एवढं दिसलं. ढीग व्हायच्या आत जो एक पोरगा चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक, हेही समजलं. श्रावस्तीला बाबांच्या मांडीवरून ते ढीग फार आवडले. "अगेन!" ती म्हणायची.

मग एका व्हिडिओत एक टकले गृहस्थ सांगू लागले, की दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये बचाव दांडगा असतो म्हणून तिथल्या पोरांचे आकडे कमी दिसतात. पश्चिमेकडे बचाव ढिला म्हणून तिथे आकड्यांचा पाऊस पडतो. मग दोघांची तुलना करायची कशी? अक्षताने ते बाबांना मराठीत सांगितलं आणि बाबा सोफ्यावरून उठूनच उभे राहिले.

"अवं, हे तं अकरावीचं अ‍ॅडमिशन हाये!"

"म्हणजे?"

"वेगवेगळे बोर्ड! या बोर्डाचे ब्याण्णव आन् त्या बोर्डाचे ब्याण्णव एक राह्यते काय? मी तीस वर्षं हेच भांडण ऐकलं. मार्क नाही पाहायचे, बाई. पेपर कोणी काढला होता, ते पाहायचं!"

अक्षता हसली. पण वाक्य डोक्यात राहिलं, आणि राहिलेलं वाक्य कधी ना कधी तोंडातून बाहेर पडतंच.

ते पडलं ऑफिसच्या पॅन्ट्रीत. हॉलिससाहेब कॉफी ओतत होते आणि कपाशीच पुटपुटत होते, "कोल्टन की ट्रे? कोल्टन की ट्रे?" कोल्टन हा दक्षिणेकडचा पोरगा, आकडे बेताचे. ट्रे पश्चिमेकडचा, आकडे डोळे दिपवणारे. अकाउंट्समधला नावेद डबा गरम करत होता. अक्षता दोन घोट पाणी प्यायली आणि मनात बाबांना स्मरून इंग्रजीत म्हणाली, "सर, मार्क बघू नका. पेपर कुणी काढला होता ते बघा."

साहेब थबकले. कॉफी कपाबाहेर गेली.

"पुन्हा म्हणा."

अक्षता पुन्हा म्हणाली. आणि आता बोललोच आहोत तर पुरं बोलावं म्हणून पुढे म्हणाली, "हंगामाच्या सुरुवातीला हे लोक छोट्या छोट्या कॉलेजांशी खेळतात ना, ते गुण धरूच नका. ते प्रॅक्टिकलचे. आमच्याकडे प्रॅक्टिकलला सगळ्यांना वीसपैकी वीस."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर काहीतरी खरडलं. मग कॉफी तशीच ठेवून केबिनमध्ये निघून गेले.

"अक्षताताई," नावेद हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी हे बगता?"

"थोडंफार," अक्षता म्हणाली. आयुष्यात तिने खोटं बोलावं असे प्रसंग कमी आले होते, त्यामुळे आलेला प्रसंग ओळखायला तिला वेळ लागला. तोपर्यंत नावेद डबा घेऊन गेलाही होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला ठाऊक झालं, की डॉक्युमेंट कंट्रोलमधल्या बाई अमेरिकन फुटबॉलच्या तज्ज्ञ आहेत. त्या आठवड्यात भीमजयंतीचा कार्यक्रम होता. तिथे धम्मदीपचा मित्र सुजीत याने तर चारचौघांत विचारलं, "वहिनी, तुम्ही कॉलेजात खेळत होत्या का?" अक्षताची उंची पाच फूट. धम्मदीपला हसू दाबताना खीर नाकात गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिसऱ्या दिवशीही. ते व्हिडिओचे तुकडे लावत आणि खुर्ची तिच्याकडे वळवत. आणि अक्षता, जिला चेंडू कुठे गेला हेसुद्धा दिसत नसे, ती आपल्याला जे दिसतं ते सांगे. ट्रेच्या भोवती कायम पाच दणकट गडी भिंतीसारखे उभे असत. ती म्हणाली, "याला घरी ट्यूशन आहे, सर. आईबापांनी अंगाला वारा लागू दिला नाही. हॉस्टेलला गेला की रडेल." साहेबांनी लिहून घेतलं. कोल्टन चेंडू फेकण्याआधी जरा जास्तच थांबे. ती म्हणाली, "माझी मुलगीही घास तोंडात घेऊन अशीच बसते. पण गिळते. घाई केली तर मात्र उलटी." साहेबांनी तेही लिहून घेतलं. एका प्रौढ माणसाला श्रावस्तीच्या उलटीची नोंद करताना पाहून तिला गलबलून आलं.

आता विचारावं, असं तिच्या रोज मनात येई. घरी बाबा रोज सांगत, "अजून नाही. अजून मुरू दे." आणि मुरता मुरता एक दिवस तिच्या कॅलेंडरमध्ये साहेबांचं निमंत्रण येऊन पडलं. विषय : क्यू. बी., म्हणजे क्वार्टरबॅक. वेळ : दुपारी दोन ते तीन. रोज.

दोन ते तीन!

तिने ते धम्मदीपला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला दोनला सोडावं म्हणून तू त्यांना खूश केलंस, आणि आता ते खूश आहेत म्हणून तू दोनला निघू शकत नाहीस."

"समजलं मला. पुन्हा सांगू नकोस."

आणि दोन ते तीन क्वार्टरबॅकमध्ये गेल्यावर तिची ड्रॉइंग्ज मागे पडू लागली. ती उरकायला ती साडेपाच-सहापर्यंत थांबू लागली. म्हणजे पूर्वी साडेचारला घरी निघणारी बाई साहेबांची मर्जी संपादन केल्यामुळे आणखी उशिरा निघू लागली. एका संध्याकाळी ती दारातून आत आली तर श्रावस्ती सोफ्यावर पाय हलवत बसली होती.

"मम्मा, इज कोल्टन युवर न्यू बेबी?"

अक्षताने पर्स तिथेच टाकली आणि तिला पोटाशी घेतलं. त्या रेशमी केसांना शाळेचा, खोडरबराचा आणि बाबांच्या नारळाच्या तेलाचा वास येत होता. एवढ्याच वासासाठी आपण हे सगळं मांडलं, आणि आता हाच वास आपल्याला दिवसातून जेमतेम दोन तास मिळतो, हे तिला त्या क्षणी नीट कळलं. तिला आपली कीव आली, आणि थोडं हसूही.

"आता माह्ये काय, आठ दिवस राह्यले," आतून बाबा म्हणाले. हे ते हल्ली रोज म्हणायचे. "गेलो की सुटलो."

"हो बाबा," अक्षताही रोजच्यासारखी म्हणाली. "तिकडे तुमचीही किती कामं अडून राहिली असतील."

"हं," बाबा म्हणाले.

शेवटी साहेबांनीच तारीख ठरवून दिली. शुक्रवारी संध्याकाळी जनाबियातल्या त्यांच्या व्हिलावर बार्बेक्यू, सगळ्या कुटुंबासह. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आणि रविवारी कामाचा आठवडा सुरू. "अंतिम निर्णय घेऊ," ते म्हणाले. अक्षताने पुढचं ओळखलं. नक्कीच दहा-वीस अमेरिकन जमणार, मोठा पडदा लावणार, आणि साडी नेसलेल्या तिला मध्ये उभं करून विचारणार.

"याच दिवशी विचाराचं," बाबा म्हणाले. "साहेब घरी बोलावते, तवा काम झालंच समज." त्यांनी सफारी काढून स्वतः इस्त्री केली. अकोल्याहून आणलेली संत्राबर्फी कुणालाही न सांगता फ्रीजच्या तळाशी जपून ठेवली होती, ती बाहेर निघाली.

व्हिलाच्या दारात हॉलिससाहेब एप्रन बांधून उभे होते. बाबांनी सवयीने हात जोडले, "जयभीम." साहेबांनीही अगदी मनापासून हात जोडले, "जे भीम." अक्षताने आत डोकावून पाहिलं. दहा-वीस सोडा, आत एकही माणूस नव्हतं. मोठ्या रिकाम्या दिवाणखान्यात टीव्हीवर कोल्टन हेल्मेट हातात धरून थिजलेला. बाहेर अंगणात शेगडीवर कोंबडी, आणि भिंतीच्या कडेने ओळीने कुंड्या. कुंड्यांत टोमॅटो.

"बाकीचे लोक?" तिने विचारलं.

"बाकीचे कुणी नाहीत." साहेबांनी चिमटा खाली ठेवला. ते कान लाल झालेल्या शाळकरी मुलासारखे दिसत होते. "अक्षता, रविवारी मला ह्यूस्टनला उत्तर द्यायचं आहे. कोल्टन की ट्रे. माझ्या बॉसला. त्याला या गोष्टीचं वेड आहे."

"आणि तुम्हाला?"

साहेबांनी कुंड्यांकडे पाहिलं. "मला टोमॅटो आवडतात."

अक्षताला वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडतंय. पण नव्हतं पडत. साहेबांना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यांच्या मुलीला बाळ झालं होतं, बायको तिकडेच गेली होती, आणि त्यांना बदली हवी होती. साहेबांच्या साहेबाला थेट कसं विचारायचं? म्हणून ते आधी त्याच्या आवडीचं बोलू लागले होते. आणि पॅन्ट्रीतल्या त्या दिवसापासून तर फारच सोपं झालं होतं. अक्षता जे बोले ते ते नॅपकिनवरून ह्यूस्टनला वाचून दाखवत.

"तो म्हणतो, त्याने असं विश्लेषण जन्मात ऐकलं नाही," साहेब म्हणाले. "उलटीचं विशेष आवडलं त्याला."

"काय म्हन्ते, काय म्हन्ते?" बाबा विचारू लागले. अक्षताने सांगितलं. बाबा ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. ते पुढे झाले आणि त्यांनी हॉलिससाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सांग त्यायले," ते सद्गदित होऊन म्हणाले, "म्हणा, तुम्ही आमच्याच खात्यातले."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अक्षताने खाली बघत सांगून टाकलं, की तिलाही त्यातलं काही येत नाही. ते सगळं अकरावीच्या अ‍ॅडमिशनचं आहे आणि थोडं तिच्या मुलीचं. आणि तिला फक्त दोन वाजता घरी जायचं होतं.

"दोन वाजता? एवढंच?" साहेब म्हणाले. "मग विचारलं का नाही?"

"तुम्ही का नाही विचारलं, सर?"

शेगडीवर कोंबडी चरचरत राहिली. साहेबांनी एप्रनला हात पुसले, फोन काढला आणि उभ्या उभ्या एक मेल लिहिला. अक्षताचा फोन पिशवीत वाजला. रविवारपासून दोन वाजता, बाकीचं काम घरून, मंजूर. खाली सहीसुद्धा. तिला रडू आलं, आणि ते लपवायला तिने बर्फीचा डबा उघडला.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

साहेबांनी दुसरा मेल लिहिला. मला घरी बदली हवी आहे. मला नातू झाला आहे. दोनच वाक्यं. लिहिला, आणि बोट हवेत तसंच राहिलं. त्यांनी एक शब्द बदलला, पुन्हा होता तसा केला. श्रावस्ती त्यांच्या कोपराशी उभी राहून बघत होती. मोठ्या माणसाला मेल पाठवायचा निळा बाण दिसत नाहीये असं तिला वाटलं असावं.

"दिस वन," असं म्हणून तिने तो दाबला.

"श्रावस्ती!"

साहेब मटकन खुर्चीत बसले. ह्यूस्टनमध्ये सकाळ होती. कोंबडीची एक बाजू जळाली, ती धम्मदीपने शांतपणे उलटवली. मग फोन किणकिणला. साहेबांनी एक डोळा मिटून वाचलं. 'अभिनंदन. अर्थातच. वर्षभर म्हणालास का नाही? ता. क. कोल्टन की ट्रे?'

सगळे अक्षताकडे बघू लागले. ती टीव्हीपाशी गेली. साहेबांनी तुकडा पुढे सरकवला. एक गडी चुकला, समोरचे तीन रेडे मोकळे सुटले आणि कोल्टन त्यांच्याखाली दिसेनासा झाला. ढीग उठला. सगळ्यात शेवटी कोल्टन उठला आणि जो गडी चुकला होता, मान खाली घालून बसला होता, त्याला त्याने हात देऊन उभं केलं.

"हा," अक्षता म्हणाली. "का ते विचारू नका, सर. हा कुणाच्याही घरी राहील."

परतीच्या रस्त्यात गाडीत सगळे खुशीत होते. एक बाबा सोडून. ते खिडकीबाहेर खजुराची झाडं बघत होते.

"चांगलं झालं," बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले. "तुह्यं काम झालं. आता बसपाशी म्हाताऱ्याचं काही काम नाही. साहेबाचं पण बरं हाये, नातवापाशी चालले."

आवाजात काहीतरी होतं. अक्षता मागे वळली.

"बाबा, तुम्हाला जायचंय ना?"

"मी कवा म्हटलं?"

"रोज म्हणता! गेलो की सुटलो म्हणता!"

"ते तू 'थांबा' म्हणशीन म्हणून म्हणत होतो." बाबांनी चष्मा काढला आणि सफारीच्या टोकाने पुसला. "तू रोज म्हणे, तिकडं कामं अडली असतीन. घरी काय अडलं हाये माह्यं? तुह्या सासूचा फोटो हाये आन् एक टीव्ही हाये. मी म्हटलं, सुनेले नकोच असन."

"आणि मी म्हणत होते, बाबांना इथे करमत नसेल, आपण अडकवून कसं ठेवायचं!"

"मग मले सांग, एवढा फुटबॉल काहून पाह्यला मी? डोळे दुखले माह्ये. घरातली साहेब तू. तुह्या नादाची गोडी धरल्याशिवाय विचारू कसा?"

गाडी सिग्नलला थांबली. धम्मदीपने स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "बाबांना थांबायचंच होतं. व्हिसा वाढवून मिळतो. बसपाशी बाबा असते. म्हणजे हिला दोनला यायची गरजच नव्हती."

मागची गाडी हॉर्न वाजवू लागली. मग पुढच्या सीटवरून अक्षताचा हात मागे आला आणि बाबांच्या गुडघ्यावर पडला.

"थांबा, बाबा," ती म्हणाली. "थेट सांगते. थांबा."

रविवारी अडीच वाजता बस रिफ्यातल्या बिल्डिंगखाली आली. कडुनिंबाच्या सावलीत अक्षता उभी होती, कारण तिला परवानगी मिळाली होती. बाबा उभे होते, कारण ती जागा त्यांची होती आणि ती ते कुणाला देणार नव्हते. आणि धम्मदीप उभा होता, कारण त्याला नेमकी त्याच दिवशी रात्रपाळी लागली होती आणि वर घरात एकट्याने बसवेना. तिघेही बसच्या दाराकडे डोळे लावून.

दार उघडलं. श्रावस्ती पायरीवर आली, तिने तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि दप्तर छातीशी घट्ट धरलं.

"आय डिडन्ट डू एनीथिंग!" ती म्हणाली आणि बसमध्ये परत जायला लागली.